दुपारी तीनची कडी

४ जानेवारी

चि. ठिपके,
अनेक आशीर्वाद.

तुला आठवतं का, आपण दोघी पाव आणि अंडी घेऊन आलो होतो आणि वरच्या पायरीवर तू माझ्या हातातली किल्ली ओढून घेतली होतीस? सहा वर्षांची होतीस. म्हणालीस, "आज मी उघडणार. तू बघायचं पण नाही." मी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. आपलं दार तेव्हाही खाली बसलेलं होतं. उजवा गुडघा लावून ते केसभर वर उचलायचं, मग किल्ली फिरवायची. तुझा गुडघा जेमतेम खालच्या फळीला लागत होता. मी अंडी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. खालची शिंपीणबाई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. ती वर येऊन म्हणाली, "बाई, घरात चोर शिरलाय का? बाहेर का बसलात?" मी म्हटलं, "चोर अजून शिकतोय." शेवटी किल्ली फिरली. तू आत गेलीस, मला बाहेरच ठेवून दार लावून घेतलंस आणि आतून मोठ्या बाईसारखं विचारलंस, "कोण आहे?"

तुझं पत्र वाचून हे आठवलं. तू कुलपांच्या कारखान्यात नोकरीला लागलीस याचं मला हसूच आलं. पण पुढचं काही नीट कळलं नाही. कारखान्याची पुढची दिशा ठरवायला साहेबांनी डिझाइन शिकलेल्या पोरींना का बोलावलं? मी सिस्टरांच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला आणि शिवण शिकवलं, पण फळ्यावर पेला काढता आला म्हणून आमच्या मुख्याध्यापिकांनी मला शाळा कशी चालवू असं कधी विचारलं नाही. मला सोपं करून सांग. जमेल ती मदत करीन. फोनवर नको, फोनवर तुझा आवाज तुटतो आणि माझा विचार.

मी बरी आहे. काल तुझ्या दादाने पुन्हा त्या ज्येष्ठ निवासाचं पुस्तक पाठवलं. चकचकीत कागद. बागेत बाकं आहेत, बाकांवर माणसं आहेत आणि सगळी माणसं एकाच दिशेला बघत आहेत. ते पान मी उलटं करून ठेवलं आहे. त्याला काळजी वाटते हे मला कळतं. पोटचा मुलगा आहे, इतक्या लांब राहतो, दर रविवारी न चुकता फोन करतो. पण मला या घरातून काढायला त्याला आता एकच कारण पुरे आहे, आणि ते कारण आपण त्याच्या हाती देऊ की काय या धास्तीने मी साधी शिंकसुद्धा त्याला कळू देत नाही.

तुझी,
आत्या


११ जानेवारी

प्रिय आत्या,

चोर अजून शिकतोच आहे!

सोपं करून सांगते. आमची पितळी कुलपं आता कुणी फारशी घेत नाही. पुढची पाच वर्षं काय करायचं हे साहेबांना आकड्यांवरून उमगेना. तेव्हा त्यांनी आमचा चौघींचा विभाग काढला. आमची रीत उलटी आहे. काय बनवायचं हे आधी ठरवायचंच नाही. आधी माणसांकडे बघायचं. माणूस दाराशी जाऊन काय करतो, हात कुठे ठेवतो, कशाला बिचकतो, ते एकेक चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या. केलं ते पिवळ्या चिठ्ठीवर, भीती वाटली ती गुलाबीवर. मग सारख्या चिठ्ठ्या जवळ आणायच्या. हळूहळू भिंतच सांगायला लागते की अडचण कुठे आहे. त्यावर पुठ्ठ्याचा नमुना करायचा, कुणाला तरी वापरायला द्यायचा, तो कुठे चुकतो ते बघायचं आणि पुन्हा करायचा. कारखान्याने कुठे जायचं हे त्यातून ठरतं.

चिठ्ठ्यांतून आम्ही मनाने काही गिऱ्हाइकं रचतो. तीन झाली. चौथी, एकटी राहणारी वयस्क बाई, अजून रिकामी आहे. पण तिच्यासाठी प्रत्येक मीटिंगमध्ये एक खुर्ची मोकळी ठेवतो, म्हणजे तिचा विसर पडत नाही. परवा साहेब चुकून त्या खुर्चीवर बसले. आमचे मिस्त्री दारातून म्हणाले, "उठा साहेब, बाई आल्यात." साहेब खरंच उठले! हे मिस्त्री चाळीस वर्षं पितळ घासताहेत. त्यांच्या हाताखाली साठ माणसं आहेत. रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन भिंतीसमोर उभे राहतात, वाचतात आणि काही न बोलता जातात.

तर आत्या, तू पंधरा दिवस रोजनिशी लिहिशील? दाराजवळ गेलीस की का गेलीस, काय केलंस, काय वाटलं. तुझं नाव कुठेही येणार नाही. तू फक्त चार नंबरच्या बाई.

तुझी,
ठिपका


२६ जानेवारी

चि. ठिपके,

रोजनिशी सोबत आहे. लिहिताना शाळेतली चुकांची वही आठवली. आम्ही शिकत होतो तेव्हा दर शनिवारी त्या आठवड्यातल्या आपल्या चुका लिहून सिस्टरांना दाखवाव्या लागत. पान कोरं असलं की सिस्टर म्हणायच्या, "तुला स्वतःकडे बघता येत नाही." मला कोऱ्या पानाची फार भीती वाटे.

तुझ्या सोयीसाठी थोडं इथेच लिहिते. पहिल्या दिवशी दूध घ्यायला दार उघडलं. गुडघा लावला, उघडलं. तिसऱ्या दिवशी शिंपीणबाई सुई मागायला आली. कारण सुईचं होतं, बसली मात्र तासभर. जाताना म्हणाली, "बाई, तुम्ही दार लावता तेव्हा माझ्या छपरातून माती पडते, हळू लावत जा." मी म्हटलं, "तू शिवणयंत्र चालवतेस तेव्हा माझा चहा कपात थरथरतो, त्याचं काय?" सातव्या दिवशी किल्ली सापडेना. स्वयंपाकघरात, गादीखाली, सगळीकडे बघितलं. दारालाच होती, बाहेरच्या बाजूने. अख्खी रात्र तिथेच राहिली होती म्हणायची. चुकचुकले आणि काढून घेतली.

नवव्या दिवशी दार उघडून नुसतीच उभी राहिले. जिन्याच्या खिडकीतून ऊन आलं होतं.

हे वाचून तुझे साहेब जांभई देतील. पण खरं ते हेच आहे.

आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझी रोजनिशी आम्ही सगळ्यांनी वाचली. शिंपीणबाईंच्या छपरावर सगळ्या हसल्या. पण आता भिंतीवर तुझ्या बावीस पिवळ्या चिठ्ठ्या आहेत आणि गुलाबी एकही नाही. साहेब हाताची घडी घालून उभे होते. म्हणाले, "या बाईंचं काहीच अडलेलं नाही. मग आपण यांच्यासाठी काय करायचं? आणि तुम्ही तरी इथे काय करताय?"

ते रागाने बोलले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. महिनाअखेर भिंतीवर ठसठशीत असं काही दिसलं नाही तर आमचा विभाग बंद. ही माझी तिसरी नोकरी आहे, आत्या. आधीच्या दोन का गेल्या हे बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं. हल्ली सकाळी ऑफिसच्या दाराशी आले की क्षणभर थांबते, कार्ड लावलं आणि दार उघडलंच नाही तर?

तू खोटं लिही असं मी म्हणत नाही हं. पण किल्ली रात्रभर बाहेर राहिली हे कळल्यावर तुला खरंच काही वाटलं नाही? एकटी असताना तुला कधीच भीती वाटत नाही?

तुझी,
ठिपका


९ फेब्रुवारी

चि. ठिपके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझे बाबा गेले तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं की या पोरीला काही कमी पडू द्यायचं नाही. म्हणून जे सांगणार नव्हते ते सांगते.

दुपारी तीनला जिना रिकामा असतो. शिंपीणबाई यंत्र थांबवून जरा आडवी होते. त्या वेळी कुणीतरी वर येतं. पावलं ऐकू येत नाहीत. एकदम दाराची कडी उचलली जाते आणि अलगद परत ठेवली जाते. वाजवत नाही. वाजवणाऱ्याला काहीतरी हवं असतं, ते विचारता येतं. हा नुसता बघतो की दार किती घट्ट आहे. दाराखालच्या फटीतून उजेड येतो, त्यात दोन काळे तुकडे दिसतात. बूट असावेत. मी स्वयंपाकघरात ओले हात तसेच धरून उभी राहते. फरशा मोजते. इकडून नऊ, तिकडून अकरा. "कोण आहे" हे शब्द तोंडाशी येतात आणि मी ते गिळते, कारण विचारलं तर त्याला कळेल की आत एकच बाई आहे, आणि म्हातारी आहे.

मग तुकडे जातात. मी पाचपर्यंत दाराकडे फिरकत नाही.

आठवड्यातून दोनदा तरी असं होतं. पोलिसांना सांगू नकोस, शिंपीणबाईलाही नाही. आणि एक गोष्ट माग म्हणशील तर मागते: हे तुझ्या दादाच्या कानावर जाता कामा नये. गेलं तर एप्रिलात मी त्या बाकावर बसलेली असेन.

ह्याने तुझं काम होईल ना?

आत्या


१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचायला घेतलं, पण पुरं करता आलं नाही. शेवटचा परिच्छेद दुसरीने वाचून दाखवला. साहेब त्या मोकळ्या खुर्चीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही आपली दिशा."

आत्या, तू मला का सांगितलं नाहीस? मी रोज तीन वाजता घड्याळाकडे बघते.

चार दिवसांत सगळं बदललं. आता कुलूप विकायचंच नाही, पहारा विकायचा. दूर राहणाऱ्या मुलाला आईचं दार त्याच्या फोनवर दिसेल. उघडं आहे की बंद, कोण आलं, कधी आलं. गरज पडली तर तो तिथूनच बंद करू शकेल. पाच वर्षांचा आराखडा यावरच उभा राहतोय. ३१ मार्चला संचालकांसमोर मांडायचा आणि सह्या झाल्या की पितळेचं खातं टप्प्याटप्प्याने बंद. मिस्त्रींनी परवा भिंतीवरची तुझी गुलाबी चिठ्ठी बराच वेळ वाचली. जाताना पहिल्यांदाच बोलले, "ताई, या बाईंच्या दाराला बिजागऱ्या कुठल्या बाजूने आहेत?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "विचारून घ्या."

मी विसरले विचारायला, आता बसवणारेच बघतील.

नमुना तयार आहे. पहिला तुझ्याच दाराला बसवायचा असं मी भांडून ठरवून घेतलं. दोन माणसं येतील. तुझं नाव कुठेही नाही. आमच्या रीतीत दोन्ही टोकांची माणसं लागतात, दाराआडची आणि दूरची. म्हणून दूर राहणाऱ्या काही मुलांशीही बोलणं चालू आहे. माझी नोकरी टिकली, आत्या. तुझ्यामुळे.

ठिपका


१ मार्च

ठिपके,

कुलूप बसलं. राखाडी आहे, साबणाच्या डबीएवढं, वर लाल दिवा. बसवणाऱ्यांनी दाराच्या कडेला रबरी पट्टीही लावली. आता जिन्यावरचं काही ऐकू येत नाही. शिंपीणबाईचं यंत्रही नाही. चहा थरथरत नाही.

बुधवारी दादाचा फोन आला. रविवार नसताना. म्हणाला, "आई, तो कडी हलवणारा माणूस कधीपासून येतोय?"

त्याने सगळं ठरवलं आहे. ज्येष्ठ निवासात खोली घेतली. २ एप्रिलला न्यायला येतो. तोवर रोज दुपारी दोन ते पाच तो तिथूनच दार बंद ठेवणार. पाचला हिरवा दिवा लागतो. मग मी दार उघडून जिन्यावर जाऊन उभी राहते, तोवर ऊन गेलेलं असतं. मी त्याला म्हटलं, "अरे, मला बाहेर जायचं असलं तर?" म्हणाला, "दुपारी कुठे जायचं असतं तुला?" खरंच कुठे जायचं नसतं. पण हे त्याने म्हणायला नको होतं.

तुझ्याकडे मी एकच गोष्ट मागितली होती.

आत्या


७ मार्च

आत्या,

कसं लिहू कळत नाही. मी दादाला तुझं नाव सांगितलं नाही, शपथ. दूरची मुलं म्हणून ज्या सहा जणांना बोलावलं त्यात तोही होता. माझ्याच शहरातला, आईपासून लांब राहणारा, एकट्या आईचा मुलगा, यापलीकडे मी विचारच केला नाही. त्याला सगळ्यांसारख्याच चिठ्ठ्या दाखवल्या. तो वाचत वाचत एका पिवळ्या चिठ्ठीपाशी थांबला. "दार उघडताना उजवा गुडघा लावते." मग त्याने शेजारची गुलाबी वाचली. मला म्हणाला, "ही माझी आई आहे ना गं?"

तो रडला, आत्या. दादाला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. त्याने फोनवर दार जोडून मागितलं आणि मी दिलं. त्या क्षणी मला वाटलं की याहून योग्य काही असूच शकत नाही. माझ्या वरिष्ठ म्हणाल्या, दोन्ही टोकं एकाच घरातली मिळाली, नशीब काढलंस.

खरं सांगू? मलाही वाटतं की तू तिथे राहू नयेस. तो माणूस महिनाभर तरी येतोय. एखाद दिवशी नुसती कडी हलवून जाणार नाही. दादा चुकलाय का, हे मला सांग. मला तर रात्री झोप लागत नाही.

ठिपका


२० मार्च

आत्या,

शिंपीणबाईंचा फोन आला होता. "बाई बऱ्या आहेत, दार पडलंय," एवढंच म्हणाल्या आणि मग खोकला, खोकला. फोन कट झाला. तू उचलत नाहीस. दादाही उचलत नाही. आज, शुक्रवारी, तीनच्या सुमारास तुझे चार फोन येऊन गेलेले दिसतात. मी मीटिंगमध्ये होते.

तो माणूस आत आला का? तुला काही केलं का? आत्या, दोन ओळी तरी लिही.


२४ मार्च

चि. ठिपके,

मी धडधाकट आहे. उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं. आता सगळं सांगते. हे पत्र सावकाश वाच.

आधी ज्याने सुरुवात झाली ते. कडी कुणीही हलवली नव्हती. तो माणूस मी बनवला. बूटही मीच घातले त्याला. चुकांच्या वहीचं तुला लिहिलं होतं, पण अर्धंच. पान कोरं राहू नये म्हणून मी नसलेल्या चुका लिहायची. पोळपाटाएवढी खोटी चूक लिहिली की सिस्टर डोक्यावरून हात फिरवायच्या. तुझं पत्र आलं, ऑफिसच्या दाराशी थांबलेली तू मला इथून दिसलीस आणि वाटलं, एवढंच तर हवंय पोरीला, एक भीती. देऊन टाकू. तू त्यावर कारखाना उभा करशील हे मला कुठे ठाऊक?

आता त्या शुक्रवारचं. दोनला लाल दिवा लागला. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. तीनला कडी हलली.

ठिपके, मी तुला शब्दांत सांगू शकणार नाही. मी तो माणूस कागदावर केला होता. त्याला आई नव्हती, बाप नव्हता, पत्ता नव्हता. आणि तो आला होता. ठरल्या वेळी. कडी उचलली गेली, पडली, पुन्हा उचलली गेली. दाराखाली दोन काळे तुकडे. ओले हात तसेच धरून मी उभी राहिले, अगदी तुला लिहिलं होतं तशी. फरशा मोजल्या. मग दारावर काहीतरी घासल्यासारखं झालं, नखांनी घासावं तसं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. घड्याळात नंतर बघितलं, नऊ मिनिटं मी तिथे उभी होते.

मग धुराचा वास आला.

दाराबाहेर शिंपीणबाई होती, हे मला नंतर कळलं. तिच्या इस्त्रीखाली कापडाचा गठ्ठा धुमसला होता, जिना धुराने भरला होता आणि ती मला बाहेर काढायला वर आली होती. हाका मारत होती. घसा धुराने धरलेला आणि दाराला ती रबरी पट्टी. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. जी बाई वीस वर्षं माझ्याकडे सुई मागायला येते, ती दाराबाहेर गुदमरत होती आणि मी तिला ओ दिली नाही, कारण ती कोण आहे हे मी आधीच लिहून ठेवलं होतं.

कुलूप दाबलं. लाल. दादाला फोन केला, बंद. तुला केला, वाजत राहिला. तू त्या मोकळ्या खुर्चीसमोर बसून चार नंबरच्या बाईंना काय हवंय याची चर्चा करत असशील. रागावून लिहीत नाही. मला तेव्हाही तसं वाटलं आणि हसू आलं, रडूही आलं.

मग तुझ्या मिस्त्रींचा प्रश्न आठवला. बिजागऱ्या आतल्या बाजूने आहेत. शिवणाची मोठी कात्री घेतली, तिचं टोक बिजागरीतल्या खिळीखाली लावलं आणि खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकत राहिले. खिळी हलेना. दाराचा सगळा भार तिच्यावर. तेव्हा मी उजवा गुडघा लावला आणि दार वर उचललं. केसभर. खिळी निघाली. दुसरीला वेळ लागला, कात्री हाताला लागली. दार तिरकं होऊन आत कोसळलं आणि त्याच्यामागून शिंपीणबाई. म्हणाली, "बाई, किती वेळ..." बाकीचं खोकल्यात गेलं. आम्ही एकमेकींना धरून खाली उतरलो. आग लोकांनी बादल्यांनी विझवली होती. तिच्या हाताला फोड आले आहेत. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी चोर बनवाल तेव्हा निदान माझ्या वेळेला बनवू नका."

दादाचा फोन सात वाजता आला. त्याच्या फोनवर दार शेवटपर्यंत बंद आणि सुरक्षित दिसत होतं.

सुताराने दार परत बसवलं, जुन्या कुलपासह. पण तुला खोटं सांगायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते: मी आता खरंच घाबरते. तीन वाजले की हातातलं काम थांबतं. मी बनवलेला माणूस गेलेला नाही.

तर या गुलाबी चिठ्ठ्या लिहून घे, या खऱ्या आहेत. माझं दार दुसऱ्या कुणाला तरी बंद करता येतं, याची भीती वाटते. ज्याला करता येतं त्याचं माझ्यावर प्रेम आहे, त्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही, याची त्याहून जास्त. घाबरले असं कबूल केलं तर घर जाईल, म्हणून घाबरायचीच चोरी. आणि त्या बाकांवर माझ्याकडे कुणी सुई मागायला येणार नाही. भिंतीवरच्या बावीस पिवळ्या चिठ्ठ्या तुम्ही कोऱ्या समजलात. ऊन बघायला दार उघडलं, ही चिठ्ठी काढून टाकली असशील तर परत लाव. साहेबांना दिशा हवी असेल तर ती तिथे कुठेतरी आहे. आतून उघडणारं, धूर आला की सुटणारं, शेजारणीला ऐकू येणारं दार मिस्त्री आणि त्यांची साठ माणसं करू शकणार नाहीत असं मला वाटत नाही. पण तो तुमचा विषय.

३१ तारखेला हे पत्र त्या खुर्चीवरून वाचून दाखव. तू उभी राहू नकोस, खुर्चीवर बस. तुझी नोकरी कदाचित जाईल, माझ्यामुळे मिळाली तशी माझ्यामुळे जाईल. इथे तुझी खोली आहे.

सोबत खोकं पाठवते. त्यातलं कुणाला काय द्यायचं ते लक्षात ठेव.

राखाडी कुलूप साहेबांना. लाल दिवा अजून जळतो आहे, पुसून पाठवलं आहे.

बिजागरीच्या दोन्ही खिळ्या मिस्त्रींना. एक वाकली आहे. तशाच नव्या करून द्या म्हणावं, पण बाईमाणसाच्या हाताने निघतील अशा. आणि त्यांनी प्रश्न विचारला होता म्हणून मी आज पत्र लिहिते आहे, हे त्यांना जरूर सांग.

कात्री तुझी. धार गेली आहे, लावून घे.

पितळेची दुसरी किल्लीही तुझी. गुडघा लावायचा, विसरली नसशील. तिसरी किल्ली शिंपीणबाईला दिली, तिच्या गळ्यात दोऱ्यात आहे.

दादाला किल्ली पाठवत नाही. त्याला या पत्राची नक्कल दे. फोनवर वाचून दाखवू नकोस, हातात दे आणि तो वाचेपर्यंत त्याच्याजवळ बस. त्याचा राग धरू नकोस, माझाही नाही. २ तारखेला यायचं असेल तर ये म्हणावं, गाडी आणली तरी हरकत नाही. फक्त वर येऊन कडी वाजवायची आणि थांबायचं. दुपारी तीनला आला तरी चालेल. वेळ लागेल, पण मी दारापर्यंत जाईन आणि आतून विचारीन, "कोण आहे?"

तुझी,
आत्या